उरलेलं रक्त परत देणारी सरिता

आमच्या गल्लीत बातमी फुटली की श्रावणभाऊ खोब्रागड्यांची पोरगी सरिता रक्त विकते. शेजारच्या अंजनाबाईनं तिला सिंदेवाहीच्या बसस्टँडवर निळा बर्फाचा डबा घेऊन गडचिरोलीच्या गाडीत चढताना पाहिलं. "डब्यात काय वं?" विचारलं, तर ही सरळ म्हणाली, "रक्त." संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांची नावंही ठरली. त्यातली दोन मीच सुचवली, कबूल करतो.

खरं नेमकं उलटं होतं. ती रक्त परत द्यायला निघाली होती.

सरिता शहरातल्या एका विद्यापीठाच्या संस्थेत डॉक्टर. गोळ्या देणारी नव्हे. प्रयोगशाळेत सापडलेलं रोग्याच्या खाटेपर्यंत पोचवणारी. बापानं जन्मभर भात संशोधन केंद्राच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोजंदारीनं रोवणी केली. "केंद्राच्या बांधीत पिकलं तं काय पिकलं? लोकाच्या बांधीत पिकलं पायजे," असं तो म्हणायचा. पोरीनं ते धानाऐवजी औषधाला लावलं.

तिच्या चमूनं सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखायची पट्टी बनवली. बोटाला टोचायचं, थेंब टाकायचा, गावातल्या आशाताईनं झाडाखाली बसून निकाल सांगायचा. पट्टी खरं बोलते की आमच्यासारखी थापा मारते, हे तपासायला सरिता धानोऱ्याकडच्या एका गावात गेली. तिथं ग्रामसभेच्या होकाराशिवाय पान हलत नाही, आणि एक जण अडला की सगळं अडतं. अडली बुधरीबाई.

"बांबू न्याचा तं आमच्या सभेचा पास लागते. मंग रक्त काऊन बिनपासाचं जाईन? काम झालं का उरलेलं वापस आणून द्या."

सरितानं तसं लिहून दिलं. संस्थेच्या नीतिसमितीनंही सही केली. पट्टी खरी निघाली, आज ती तिकडच्या आशाताईंच्या पिशवीत आहे.

मग संस्थेत सरिताच्या संशोधन केंद्राचा संचालक नेमायची वेळ आली. सहा वर्षं केंद्र चालवलं सरितानंच, पण दारावरच्या पाटीत 'प्रभारी' हा शब्द पालीसारखा चिकटलेला. आता तो निघणार, असं श्रावणभाऊ सगळ्यांना सांगत होता. नेमकं त्याच वेळी वरच्या साहेबांना आठवलं की शीतपेटीत एकशे चाळीस माणसांचं रक्त पडलंय, पुढच्या संशोधनाला कामाला येईल.

"राहू द्या हो. जंगलातून कोण विचारायला येतंय?"

"बुधरीबाई येईल," सरिता म्हणाली.

चार महिने तिचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. नीतिसमितीची परवानगी हाती पडली त्याच दिवशी तिनं डबा भरला. अंजनाबाईला दिसला तो हाच.

पुढच्याच महिन्यात मुलाखत. तिच्या कामाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. समितीच्या अध्यक्षांनी कोरा कागद पुढे केला. "संस्थेची ठेव तुम्ही वाटून टाकलीत. भावनेच्या भरात चूक झाली, एवढ्या दोन ओळी लिहा. पुढचं आम्ही सांभाळून घेऊ."

सरितानं कागद कोराच परत सरकवला, नमस्कार केला आणि बाहेर आली. पद गेलं एका अशा साहेबांकडे, ज्यांची आणि धानोऱ्याची भेट फक्त नकाशावर झाली असावी.

रविवारी ती घरी आली, अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसली. श्रावणभाऊ तोंड पाडून खाटेवर. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी कुंपणावरून डोकावलो.

"सरिता, अवं दोन ओळीच तं होत्या! मी बायकोची रोज माफी मागतो, म्हणून तं घरचा संचालक आहो!"

तिनं भाजीवरून मान वर केली.

"भाऊ, माफी एकच बाकी होती. रक्त वापस न्याले चार महिने उशीर झाला, त्याची. ते मी बुधरीबाईची भर सभेत मागून आली. त्या पदाची जाहिरात कधी ना कधी पुन्हा निघन, मी पुन्हा अर्ज करीन, अन् पहिल्याच ओळीत लिहीन का रक्त मी वापस केलं."