संघाच्या फोटोखालचं लेबल

त्या माणसाचा मी सूड घेतला, आणि तोही त्याच्याच सहीनिशी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

ब्रिस्टलमधल्या एका जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत मी प्रदर्शनांचं काम करते. काचेच्या कपाटात वस्तू मांडायच्या, त्यांच्याखाली लेबलं लावायची. त्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या क्लबला पहिल्या महायुद्धाआधीचा फुटबॉलचा एक सीझन मांडायचा होता. तेव्हा कॉलेजच्या टीमने लीग जिंकली होती. क्लबचे अध्यक्ष त्या टीमच्या कॅप्टनचे नातू, ऐंशीच्या घरातले. पहिल्याच मीटिंगमध्ये मी बचावफळीबद्दल काहीतरी विचारलं, तर सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "तुमच्याकडे क्रिकेट ना? फुटबॉल आमच्यावर सोडा. तुम्ही आपली लेबलं टाइप करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे बाबा नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये बचावफळीत लेफ्ट बॅक होते. त्यांच्या जिवावर टीम मॅचेस जिंकायची, पण हाफटाइमला टीमच्या माठाला त्यांनी हात लावलेला चालत नसे. कुणीतरी वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचं. बाबांनी ते पोटात घातलं. मी त्यांचीच मुलगी, पण माझं पोट तेवढं मोठं नाही.

कोलीत आयतंच हाती आलं. क्लबने दिलेल्या खोक्यात कॅप्टनने स्वतःच्या हाताने लिहिलेली सीझनची वही होती. दर मॅचचे अकरा खेळाडू त्यात नोंदलेले. लेफ्ट बॅकच्या जागी पहिल्या मॅचपासून शेवटच्यापर्यंत एकच आडनाव, आणि ते चक्क मराठी. डॉक्टरकी शिकायला आलेला मुलगा. नाव इथे लिहीत नाही, लेबलवर ते ठळक छापलेलं आहे. शेवटच्या मॅचमध्ये अगदी गोललाइनवरून चेंडू त्यानेच परतवला, नाहीतर लीग हातची गेली होती, हेही कॅप्टननेच लिहून ठेवलेलं.

तिथली रीत अशी, की सीझनभर खेळलेल्या प्रत्येकाला शेवटी गोंड्याची मखमली टोपी द्यायची आणि टोप्या घालून फोटो काढायचा. वहीच्या शेवटच्या पानावर होतं, "टोप्या अकरा मागवायच्या ठरल्या होत्या. मी दहाच मागवल्या. फोटो गुरुवारी ठेवला आहे, कारण त्या दिवशी आपल्या लेफ्ट बॅकची तोंडी परीक्षा आहे." मी फोटो पाहिला. दहा जणांच्या डोक्यावर टोप्या, आणि लेफ्ट बॅकच्या जागी एक राखीव खेळाडू, बोडका. खाली छापलेलं, 'विजेते अकरा'. मला संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना गं. तुझं प्रोबेशन अजून ओव्हर नाही झालंय. उगाच इश्यू कशाला करतेस?"

"इश्यू कुठे करतेय? त्यांनी सांगितलंय तेच करतेय. लेबल टाइप करतेय."

लेबलवर मी त्या मुलाचं नाव घातलं, त्याची जागा, त्याने वाचवलेली मॅच. मग वहीतली ती वाक्यं, जशीच्या तशी. आणि शेवटी, हा कॅप्टन म्हणजे क्लबच्या विद्यमान अध्यक्षांचे आजोबा. या शेवटच्या ओळीची काही गरज नव्हती. ती मी निव्वळ डंख मारायला घातली.

प्रत्येक लेबलच्या प्रूफवर अध्यक्षांची सही लागायची. मी गठ्ठा पुढे केला. त्यांनी एकही कागद वाचला नाही. "लेबलंच तर आहेत," म्हणत भराभर सह्या ठोकल्या, काही तर थेट मजकुरावरच तिरप्या. मला तो माज वाटला. म्हटलं, करा सही, आता जगासमोर वाचाल.

उद्घाटन शनिवारी दुपारी झालं. हातात सँडविचच्या प्लेटा घेतलेली सगळी मंडळी जमली होती. मी मुद्दाम त्या कपाटापाशीच उभी राहिले. अध्यक्ष आले आणि त्यांनी माझं कोपर धरलं.

"हे आजोबा," म्हणत त्यांनी काचेवर बोट ठेवलं. बोट त्या बोडक्या राखीव खेळाडूवर होतं.

मग हळू आवाजात म्हणाले, "माझे डोळे गेलेत हो. क्लबमध्ये कुणाला माहीत नाही. जरा लेबल वाचून दाखवता? तुम्ही छानच लिहिलं असेल."

मागे माणसं गोळा झाली होती. निदान शेवटची ओळ मला गाळता आली असती, त्यांना कळलंही नसतं. पण मला बाबांची ओंजळ दिसत होती. मी सगळं वाचलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, एकही शब्द न गाळता. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

त्यांनी एवढंच विचारलं, "यावर माझी सही आहे?"

"आहे."

मी कोपर सोडवून घ्यायला गेले, तर त्यांनी ते आणखीच घट्ट धरलं. मग त्या सगळ्या नजरांमधून त्यांना दारापर्यंत मलाच न्यावं लागलं.