जेनेटच्या ओळी, माझे अक्षर

३ ऑक्टोबर १७४९. मोठ्या धुण्याचा तिसरा दिवस. चादरी वाळल्या. दुपारी पाद्री ऑल्डक्रॉफ्ट व लेडी फिलिपा चहाला. जिऱ्याचा केक जरा करपला. पाहुणे प्रसन्न होऊन गेले.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाबद्दल एवढेच आहे. लहानपणी समुद्रापलीकडे फ्लँडर्समधल्या मठात नन्सनी मला रोज खरे लिहायची सवय लावली होती. वरच्या नोंदीत खोटे काही नाही. जे घडले ते मात्र तिच्यात नाही.

जेनेट होल्डन दर सहा आठवड्यांनी माझ्याकडे धुवायला येई. उंच, हाडकुळी, कोपरापर्यंत लाल हात. राखेच्या पाण्यात कपडे बडवता बडवता ती ओळी जुळवी. गावच्या शाळेत मुलींना वाचायला आणि शिवायला शिकवत, लिहायला नाही. त्यामुळे ती छापील बायबल घडाघडा वाची, पण सही म्हणून फुली काढी. ती सांगे, मी उतरून घेई.

"घाई करा, बाईसाहेब. सदरा पिळून झाला की ओळ गेली."

दोन ओळी अशा होत्या:

देवापुढे वचन दिले, तुझेच ऐकेन म्हणून;
माझे कोणी ऐकावे, ते गेले लिहायचे राहून.

मी हसले, तर म्हणाली, "हसू नका. तुमचे साहेब गेले म्हणून तुम्हाला आता ऐकू येतंय."

अशी एकतीस गाणी झाली. मी नकला करून दोन-तीन मैत्रिणींना पाठवल्या. त्यांनी आणखी नकला केल्या, आणि माझ्या हातची एक गावच्या मोठ्या घरातल्या लेडी फिलिपांच्या हाती पडली. त्यांनी आपण होऊन माझ्याकडे चहाला यायचे ठरवले. आम्ही रोमन कॅथलिक, आणि इंग्लंडात तेव्हा आमच्याशी कोणी उठबस ठेवत नसे. अकरा वर्षांत त्या घरातून माझ्या उंबऱ्याला कोणाचा पाय लागला नव्हता.

पाद्रीसाहेबांनी कागद पुढे धरला. "हे कोणाचं?"

"जेनेटचं," मी म्हणाले. एवढे तरी म्हणाले.

तिला मागल्या अंगणातून बोलावले. ती ओल्या एप्रनला हात पुसत उभी राहिली.

"तुझं आहे होय? मग लिही बघू यातली एक ओळ."

"लिहायला येत नाही, साहेब. डोक्यात असतं. हात तर पाण्यात असतात."

"डोक्यात!" पाद्रीसाहेब खो खो हसले. "लग्नाच्या शपथेवर टीका, आणि ती धोबिणीच्या डोक्यात! अक्षर ओळखतो हो आम्ही, मिसेस वॉर्डल."

लेडी फिलिपांनी माझ्या हातावर हात ठेवला. "लबाड कुठल्या! स्वतः एवढं सुंदर लिहायचं आणि बिचारीला पुढं करायचं?"

तो हात ऊबदार होता.

"बाईसाहेब," जेनेट म्हणाली, "सांगा की."

मी किटली उचलली. "आणखी चहा घ्याल?"

जेनेट मागल्या अंगणात परत गेली. आठवडाभरात ती खोटारडी ठरली, आणि तीन घरांनी तिला धुण्याला बोलावणे बंद केले. मी मात्र दर महिन्याला लेडी फिलिपांकडे जेवायला जाऊ लागले. तिथे ती गाणी एका वहीत उतरवून वर माझे नाव घातले होते, आणि मला "आमची कवयित्री" म्हणत. मी एकदाही हो म्हटले नाही. नाही असेही म्हटले नाही.

जेनेट माझ्याकडे पुढे वीस वर्षे येत राहिली. साबण, दोऱ्या, पाऊस, एवढेच बोलणे. तिने ओळी जुळवणे सोडले, की मला सांगणे सोडले, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गेल्या सोमवारी तिला पुरले. आज सकाळी तिची मुलगी एलेन आली. दारातच उभी राहिली.

"आईची गाणी तुमच्याकडं आहेत म्हणे. एकतीस. नाव कुणाचं घातलंय त्यांच्यावर?"

"कोणाचंच नाही."

"आणि मोठ्या घरातल्या वहीवर?"

मी टोपी चढवली आणि तिला घेऊन लेडी फिलिपांकडे गेले. आता त्यांना दिसत नाही, पण वही उशाशी असते. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले: ओळी कोणाच्या, हात कोणाचा, आणि त्या दिवशी मी किटली का उचलली.

त्या ऐकत राहिल्या आणि मग हसल्या. "या वयातही केवढा हा विनय! मेलेल्या धोबिणीला मुकुट घालायला निघालात? अहो, पाद्रीसाहेबांनी तेव्हाच तिची परीक्षा घेतली होती."

मी पुन्हा सांगितले. त्यांनी माझा हात थोपटला.

परतताना एलेन फाटकापाशी म्हणाली, "खरं पण ताजं असतानाच आणावं लागतं, बाईसाहेब. मासळीसारखं."

मी तिला आत बोलावले. एकतीस कागदांवर, एकेकावर, 'जेनेट होल्डन हिने रचले' असे लिहिले आणि खाली 'उतरून घेणारी' म्हणून माझे नाव घातले. ती उभीच राहून बघत होती. तिला वाचता येते. प्रत्येक कागद तिने वाचून, वाळवून मगच घेतला. आभार मानले नाहीत, मानायचे कारणही नव्हते.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: दौत रिकामी झाली. नव्या शाईसाठी मायफळे कुटून भिजत घातली.