पोत्यातला बर्फ

"ही मंडळी सवलतीच्या बर्फात ठेवली तरच टिकतात. बाहेर काढली की संपली." डायझोनियम क्षार शिकवताना सर माझ्याकडे बघून म्हणाले. वर्ग हसला. आपण फार विनोदी आहोत असं सरांना वाटायचं. पुण्यात असले विद्वान पैशाला पासरी.

मी एम.एस्सी.ला होते. राखीव जागेवर. हे सरांनी पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर जाहीर केलेलं. वडील हडपसरला कारखान्यात, घरात बाबासाहेबांचा फोटो. एवढ्यावर माझी सगळी परीक्षा घेऊन झाली होती त्यांची.

डायझोनियम पाच अंशांच्या खालीच टिकतं. जरा तापलं की नायट्रोजन उडून जातो, मागे काळपट राडा. म्हणून त्यापासून कापडाचा रंग बनवायच्या प्रॅक्टिकलला घमेल्यात, पोत्यात गुंडाळून फोडलेली बर्फाची लादी यायची. वाटप हजेरीच्या क्रमानं. आधी खुल्या जागांवरचे, मग आम्ही. आमच्यापर्यंत पोतं यायचं तेव्हा घमेल्यात नुसतं पाणी. त्यांचा रंग शेंदरी, आमचा चिखल. सर आमचं भांडं उंच धरून दाखवायचे. "काहींच्या हाताला रंगच येत नाही."

आणि मला ते खरं वाटायचं. अजून डोकं फिरतं आठवलं की.

एकदा हजेरीतली पहिली मुलगी उशिरा आली. तिलाही पाणीच मिळालं. तिचाही चिखल झाला. सर मायेनं म्हणाले, "अगं, बर्फ संपला होता ना. उद्या परत कर."

म्हणजे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं या माणसाला.

वार्षिक परीक्षेत पुन्हा तेच पोतं, तेच पाणी. मी हात बांधून उभी राहिले.

"सर, थर्मामीटर बारा दाखवतोय. आत्ता नायट्राइट घातलं तर चिखलच होणार. मी घालणार नाही."

"अहो बाई, मग शून्य घ्या."

"घेते. पण बर्फ दिला नाही, हे कारण लिहा."

लिहितात कसले. वर्ष गेलं. बरोबरीचे रसायनशास्त्राला रामराम ठोकून सॉफ्टवेअरच्या क्लासला पळाले. घरी आईनं दोन दिवस तोंड फिरवलं. मी परत फॉर्म भरला.

पुढच्या परीक्षेला पोतं दारातून आत आलं आणि सगळ्यांच्या आधी मी त्यात हात घातला.

"क्रम असतो," सर म्हणाले.

"तुमचा," मी म्हणाले, आणि भांडं काठोकाठ भरलं.

यापुढे माझा वाटा मी मागणार नाही. घेणार. आणि कुणी मोठ्या मनानं पुढे बोलावलं, तर त्याचे आभारही मानणार नाही.