उभ्यानं थापलेली भाकर

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत आवडाबाईची खानावळ आहे. पाटी नाही. चिकलठाण्याच्या कंपन्यांतली पोरं वासावरच येतात. नवरा गेल्यावर बाईनं ही खानावळ एकटीनं चालवली, आणि तीही एकाच बैठकीत: डावा पाय मुडपून बुडाखाली, उजवा गुडघा हनुवटीला, पुढ्यात काठवट, शेजारी चूल. त्या बैठकीत तिनं पोरगा वाढवला, त्याचं लग्न लावलं आणि अर्ध्या गल्लीची लफडी माझ्याकडून ऐकून घेतली. मी शेजारी. बातमी घेऊन जायचो, गरम भाकर खाऊन यायचो.

सून मेघा हिला वरण-भाजीची मोकळीक होती. काठवटीला हात लावायची मात्र नव्हती.

मागच्या वर्षी बाईचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. आधी तिनं ते हसण्यावारी नेलं. उठताना चुलीजवळचा खांब धरायची आणि मला म्हणायची, "काय बघताय नाना? खांब हालतोय का बघायले मी." मग पाय धनुकलीसारखा वाकला, चाल बदकाची झाली. शेवटी राजेंद्रनं, म्हणजे तिच्या पोरानं, तिला डॉक्टरकडं नेलं. मीही गेलो. बोलावलं कुणी नव्हतं, पण रिक्षात जागा होती.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, "आजी, दोन हाडांच्या मध्ये गादी असते. तिला रक्त पोचत नाही. चालताना ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते, त्यातच तिचं पोषण होतं. तुम्ही वर्षानुवर्षं गुडघा पार मुडपून बसलात. दाब एकाच जागी, सुटका नाही. आतल्या बाजूची गादी झिजून हाडाला हाड लागलंय."

"मग भरून द्या की."

"ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही."

"केस येतेत, नखं येतेत. हिलाच काय धाड भरली?"

डॉक्टरीणबाईंनी मांडीचे व्यायाम दाखवले, रोज थोडं सपाट जागी चाला म्हणाल्या, वजन उतरवा म्हणाल्या, पुढं लागलंच तर ऑपरेशन म्हणाल्या. बाईला त्यातलं एकच ऐकू आलं: खाली बसायचं नाही.

"मग भाकर कुठं थापू? तुमच्या या टेबलावर?"

राजेंद्रनं ओटा बांधला, त्यावर गॅस ठेवला. बाई ओट्यापाशी उभी राहिली. बसून थापताना तिचं सगळं अंग कमरेपासून तळव्यात उतरायचं. उभ्यानं नुसते खांदे कामाला आले. कडा फुटायच्या, मधी जाड राहायची, तव्यावर पडली की फुगायचं नाव नाही.

"मावशी, आज बिस्कीट केलं व्हय?" सत्यम नावाचा एक वात्रट पोरगा म्हणाला.

"गुमान चाव. लग्न झाल्यावर हेच खायचंय तुला."

पोरं हसली. पण हळूहळू काही ताटं कमी झाली. कोपऱ्यावरच्या मेसमधी कोण कोण पोळ्या खायला जातं, ते मीच बाईला नावानिशी सांगितलं. बातमी हातात आली की माझ्याच्यानं राहवत नाही.

"उभ्यानं भाकर होतच नाय, नाना," ती म्हणाली. "कुनाचीच होत नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजेंद्र कामावर, मेघा बाजारात. मला चुलीचा वास आला. गेलो तर बाई जुन्या जागी, जुन्या बैठकीत, आणि तव्यावर भाकर टम्म फुगलेली.

"बघा. हात नाय गेला माझा. ओटाच खोटा हाय."

तिनं मला भाकर-ठेचा दिला. मी खात खात गल्लीतल्या पुंडलिकच्या जावयाची भानगड सांगायला घेतली. एरवी ती मला चार ठिकाणी अडवते, दुरुस्त करते. आज नुसतं हूं हूं. चूल विझत आली.

"उठायचं नाय का?"

"बसते जरा. तुमी सांगा पुढं."

पुढं काही नव्हतं, म्हणून मी तीच भानगड मीठ-मसाला लावून पुन्हा सांगितली. तेव्हा लक्षात आलं, तिनं दोन्ही हातांनी खांब आवळून धरलाय.

"नाना, पाय सुटंना."

मी काखेत हात घालून ओढलं. ती वीतभर उठली, कळवळली, खाली बसली. माझ्या कमरेतही कळ आली आणि मीही बसलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दोघांला उचलायला क्रेन मागवावी लागंल."

मग आम्ही दोघं म्हातारे विझल्या चुलीसमोर नुसते बसून राहिलो. माझ्याकडं सांगायला काही उरलं नव्हतं. ती काठवटीतल्या पिठाकडं बघत होती. "सुकायलंय," एवढंच म्हणाली.

मेघा आली. दारातूनच तिनं सगळं पाहिलं. पाठीमागून सासूला मिठी घातली, एका दमात उचलून खुर्चीवर ठेवलं. हात धुतले, काठवट ओट्यावर नेली, सुकलेल्या पिठाला पाण्याचा हात लावला आणि उभ्यानं थापायला लागली. तव्यावर भाकर फुगली.

बाई बघतच राहिली. "कुठं शिकलीस गं?"

"सोयगावला, आईकडं. आमच्यात ओटाच होता."

"मग इतके दिस बोलली का नाय?"

"तुमी हात लावू देत होता का, आई?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड घातलं.

संध्याकाळी पोरं जेवायला आली. बाई दाराशी खुर्चीवर, पाय लांब करून. सत्यमनं पहिला घास घेतला तशी तिनं विचारलं, "कशी झाली रे भाकर?"

"नेहमीसारखी, मावशी," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "मधी हात बिघडला होता तुमचा. आता आला जाग्यावर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटातली मिरची बाजूला काढत राहिलो.

जरा वेळानं तिनं आत आवाज दिला, "मेघा, याला अजून एक वाढ."