तांडेलाचं जॅकेट

नवशा तांडेल वयाने माझ्याहून लहान आणि हट्टाने चौपट मोठा. तारापूरच्या बंदरातून उभा जन्म तांडेल म्हणून बोट नेली. आता बोट जावई बघतो आणि नवशा माझ्या ओट्यावर बसून माझा चहा संपवतो.

दिवाळीनंतर जव्हारकडच्या नदीच्या घळीतून तीन दिवस चालत धबधबे बघायला जायचं मी ठरवलं, तर म्हणतो, "बाई, मी पन येतो. जल्मभर खारं पानी बघलं. गोडं पानी वरून पडताना बघायचं हाय."

ये म्हटलं. तिथेच चुकलं. त्याने मासेमारीलाच निघाल्यासारखी तयारी मांडली. पाण्याचं पिंप, रॉकेलचा स्टोव्ह, जाड दोर.

"दोर कशाला?"

"नांगराला."

"नांगर टाकणार कुठे? माझ्या गळ्यात?"

वर म्हणे, निघायचं ते अष्टमीलाच. पुनवेला उधाण येतं, अष्टमीला पाणी कमी चढतं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई. कपाळावर हात मारला. "अरे, डोंगरातल्या नदीला कसली भरती?"

"चंद्र सगळीकडं येकच, बाई."

आम्हाला घळीतून नेणारा बुधा बोलणी करायला आला. "दोन डोह हायेत, छातीइतकं पानी. पवता येतं ना सगळ्यांला?"

नवशा कपातली साखर शोधू लागला. त्याची बायको हंसा वाटेसाठी सुके बोंबील घेऊन आली होती. ती म्हणाली, "याला कुठलं पवता येतंय? बोटीवरून पडला तवा जाळ्यानं वर काढला. दोनदा!"

मी हसले; दाबायचा प्रयत्नही केला नाही. म्हणजे अष्टमीचं गौडबंगाल हे होतं!

नवशा लाल झाला. "बोट चालवायला पवायचं कशाला? पवायची पाळी आली म्हंजे तांडेल नालायक."

"मंग लाईफ जॅकेट घाल," बुधा म्हणाला.

"तांडेल जॅकेट घालत नाय." खरंच होतं. बोटीवर तो ते उशाला घ्यायचा.

"तर घरी ऱ्हा." पोराच्या वयाच्या बुधाने हे सांगितलं आणि शांतपणे बशी तोंडाला लावली.

नवशा चपला घालून चालता झाला. आता हा येत नाही, अशी माझी खात्री झाली. हंसा म्हणाली, "मेला घरी बसून तीन दिस माझं डोकं खाईल." मी रागाने मुद्दाम पौर्णिमेचा दिवस धरला आणि तो हंसाला सांगूनही टाकला.

त्या सकाळी बोईसरच्या एसटी स्टँडवर मी आणि बुधा गाडीची वाट बघत होतो. समोरून भर बाजारातून नवशा आला. पाठीला पिशवी, सदऱ्यावर नारिंगी जॅकेट, पट्टे बांधलेले. जॅकेटला बोंबलाचा वास. कारखान्याच्या पाळीला निघालेला एक जण ओरडला, "चाचा, बाढ़ आया है क्या?"

"आनेवाला हाय," नवशा न थांबता म्हणाला. "आज पुनव हाय."

बुधासमोर येऊन त्याने छाती पुढे केली. "बघ रे, बराबर बांधलाय का?"

बुधाने एक पट्टा ओढून घट्ट केला. नवशाने करू दिला. मग गाडी लागली तसा आत चढला आणि मी रुमाल टाकून धरलेल्या खिडकीत जाऊन बसला.