पेणच्या सासूबाईंसाठी मेक्सिकोचं जेवण

सगळ्यात आधी आमच्या घरमालकीण खाला. त्यांना मागं ठेवून पुढचं सांगितलं, तर मी खाल्ल्या घरचे वासे मोजणारा ठरेन. रोह्यात त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको राहतो. त्या दिवशी खाला नसत्या तर आज माझं काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि पोटामागं फिरत फिरत पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात पोचलो. मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम. बायको पेणची, तिथंच रंगकामाला यायची. मी घासायचो, ती रंगवायची. मग एकदा तिच्या आईच्या लक्षात आलं की गणपती होऊन गेले तरी पोरीचं काम काही संपत नाही. आमचं लग्न झालं, पण सासूबाई आल्या नाहीत. निरोप तेवढा आला, "ना शाळा, ना शेत, ना कोण आगापिछा. त्याच्या घरचं पाणीपण नाय पिणार मी."

मी रोह्यात कंपनीत लागलो, आम्ही इकडं आलो. बायकोला सातवा महिना लागला तेव्हा मला झोप येईना. पहिलं बाळंतपण, माझी शिफ्ट कधी दिवसाची कधी रात्रीची, माझ्या आईचे गुडघे तिला गावची वेससुद्धा ओलांडू देत नाहीत. मी म्हटलं, "पेणला जा ना आईकडं." बायको म्हणाली, "आईला इथं येऊन आपल्या घरचा घास खाऊ दे, मग जाईन. जी तुमच्या घरचं पाणी पीत नाय, तिच्या घरात तुमचं मूल जन्माला नाय घालणार मी."

आईची लेक शोभली अगदी. मी मधल्यामधे.

आणि त्याच आठवड्यात सासूबाईंचा निरोप आला. पोरीला बघायला येतेय, संध्याकाळच्या गाडीनं परत.

आता करायचं काय? माझ्या हातचं जेवण बरं होतं, असं कारखान्यातले लोक म्हणायचे. म्हणून स्वयंपाक मीच करायचा असं ठरलं. पण कसला? मासे केले तर पेणच्या बाईसमोर परभणीवाल्यानं मासे करणं म्हणजे स्वतःहून मान पुढं करणं. पिठलं-भाकरी केली तर म्हणणार, पोरीला हेच घालतो वाटतं.

खाला पायरीवर तांदूळ निवडत होत्या. माझी बडबड ऐकून म्हणाल्या, "तुला अक्कल हाय का रे पोरा? तिला तिचं खायला घातलंस तर ती खोड काढणार. तुझं घातलंस तर दोन काढणार. तिनं जल्मात बघितलं नाय ते कर. मग खोड काढणार कशात?"

खालांचे मिस्टर आखातात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहेत. तिथं मेक्सिकोचं जेवण बनतं. खालांनी त्यांना फोन लावला, पाऊण तास बोलल्या, त्यातली पाच मिनिटं जेवणाबद्दल असावीत. मग मला सांगितलं. राजमा शिजवून, लसूण-जिऱ्यावर परतून ठेचायचा. टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून वर लिंबू पिळायचं.

"म्हणजे कोशिंबीरच की," मी म्हणालो.

"गप! आज तिला साल्सा म्हणायचं."

आणि मक्याच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या. त्यात हे सगळं भरून, वर चीज किसून दुमडायचं. "पीठ थंड पाण्यात भिजव," खालांनी बजावलं. मला जरा शंका आली. आमच्याकडं ज्वारीचं पीठ जुनं झालं की आधणाचं पाणी घालतात, नाहीतर भाकरी तुटते. पण मी मेक्सिकोला कधी गेलो? सांगितलं तसंच भिजवलं. साल्साची मिरची मात्र खालांनी स्वतः चिरली. मला हातच लावू दिला नाही.

सासूबाई आल्या. हातात आमच्यासाठी पापडांचं पुडकं आणि खांद्याला पाण्याची बाटली. पेणहून भरून आणलेली. द्यायला हरकत नव्हती, घ्यायचं नव्हतं. लेकीच्या पोटावरून हात फिरवला, तिच्या हातापायांची सूज बघितली, डोळे पुसले. मी चहाचं विचारलं तर भिंतीकडं बघून म्हणाल्या, "गो, त्यांना सांग, चहा नको."

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो.

आमचा ओटा पुढच्याच खोलीत. त्यामुळं सासूबाईंना माझं सगळं दिसत होतं. पहिली भाकरी थापली. काठाला भेगा. उचलली तर अर्धी परातीत, अर्धी हातात. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथं तिचे तुकडे झाले. मला घाम फुटला. खाला उंबऱ्यावर बसून गोड आवाजात म्हणाल्या, "घाबरू नको, तिकडं अशीच असते."

सासूबाई आधी खिडकीबाहेर बघत होत्या. मग परातीकडं बघायला लागल्या. मग त्यांच्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली. तिसरी भाकरी तुटली आणि त्यांच्यानं राहवेना.

"गो, त्यांना विचार, उकड काढली नाय काय?"

मी बायकोला म्हणालो, "आईंना सांग, मेक्सिकोत थंड पाण्यातच भिजवतात."

"का? मेक्सिकोत बायका नायत?"

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. सासूबाईंनी पदर खोचला आणि मला कोपरानं बाजूला सारलं. टोप गॅसवर ठेवला, पाण्याच्या हंड्याकडं हात नेला आणि थांबल्या. शपथ आठवली असणार. माझा जीव टांगणीला.

खाला म्हणाल्या, "त्यांचं पाणी नको ना तुला? मग तुझ्या बाटलीतलं घे की."

सासूबाईंना हे पटलं. बाटली टोपात उपडी केली, मीठ टाकलं, उकळी आल्यावर नवं पीठ घालून झाकण ठेवलं. मग मळून अशा भाकऱ्या थापल्या की तव्यावर टाकताच फुगायला लागल्या.

"आता मीठ कोण बघणार?" खाला म्हणाल्या. "करणारीनंच चाखायचं असतं."

सासूबाईंनी तुकडा तोडला. "पाणी माझं, हात माझा," त्या आम्हा सगळ्यांना बजावून म्हणाल्या. "हे काय यांच्या घरचं नाय." आणि खाल्ला. बरा लागला असावा, कारण मग राजमाही चाखला. "लसूण बरी हाय." मग म्हणाल्या, "आन् ही कोशिंबीर?"

"साल्सा," मी आणि खाला एकदम म्हणालो.

त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर चांगला ढीगभर घेतला, आणि दुसऱ्या क्षणी ठसका लागला. असा की डोळ्यांतून धार. हात बाटलीकडं गेला. बाटली रिकामी. बायको हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन समोर उभी राहिली. सासूबाईंनी तांब्याकडं बघितलं, लेकीच्या पोटाकडं बघितलं. ठसका काही थांबेना. मला वाटलं, आता उठून जातात की काय.

त्यांनी तांब्या हातात घेतला आणि गटागटा प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. मग त्या माझ्याकडं वळल्या, सरळ माझ्याकडं.

"अहो जावईबुवा, बघताय काय? भाकरी जळली ती!"

भाकरी खरंच जळली होती. मी ती आनंदानं खाल्ली.

संध्याकाळची गाडी गेली, त्या राहिल्या. पोटभर जेवल्या, वर मला ऐकवलं की चीज घालून चांगल्या राजम्याचं वाटोळं केलंय. आणि झोपताना लेकीला म्हणाल्या, "उद्या माझ्यासोबतच चल गो. कपडे भरायला घे." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी आधीच माळ्यावरची बॅग काढत होतो.

दुसऱ्या दिवशी दोघींना गाडीत बसवून आलो आणि खालांना विचारलं, "मिस्टरांनी खरंच थंड पाणी सांगितलं होतं?"

"छ्या! कोमट सांगितलेलं, दोनदा," खाला म्हणाल्या. "पण आमच्या मुलखातली बाई तुटकी भाकरी बघून गप बसते काय?"

"आणि मिरच्या? त्या तरी त्यांच्या हिशेबानं होत्या ना?"

"त्या माझ्या हिशेबानं."

माझी मुलगी आता पेणला आजीच्या मांडीवर आहे, आणि मी सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो. इथं एकटा असलो की खाला मधल्या ठेंगण्या भिंतीवरून ताट देतात. ते घेताना एक दिवस पलीकडं नजर गेली. खाला एकट्याच, पातेल्यातूनच जेवत होत्या. मिस्टर तिकडं हॉटेलभर माणसांना वाढतात आणि इथं या बाईपुढं ताट मांडणारं कुणी नाही. खाला, मी शिकलेला नाही, मला मोठं बोलता येत नाही. पण मिस्टर सुट्टीवर येतील तेव्हा तुम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवीन, गरम गरम वाढत राहीन, आणि हात धुवायला पाणीसुद्धा तुम्हाला उठून घेऊ देणार नाही. हा माझा शब्द आहे.