इर्या वेप्साला सगळं आधी कळायचं

इर्या वेप्सा नेमकी कसली नोकरी करते, हे तिच्या आईला शेवटपर्यंत समजलं नाही. "लोकांच्या घरात डोकवायचा पगार मिळतो तुला," असं म्हातारी म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

सालपा पेपर कंपनीच्या हेलसिंकीच्या मुख्य कचेरीत इर्या बाजाराचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा कानोसा घ्यायचं काम करायची. कुठली कंपनी काय करायच्या बेतात आहे, हे तिनं आधी ओळखायचं आणि वरच्या लोकांना सांगायचं. मग पैसा कुठे घालायचा, कुठून काढायचा, ते वरचे ठरवत. यात चोरीमारी काही नव्हती. दुसऱ्या कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती, त्यांच्या गावच्या नगरपालिकेतले परवान्याचे अर्ज, प्रदर्शनात यंत्रं विकणाऱ्यांच्या गप्पा, असं सगळं उघड्यावर पडलेलंच ती वेचायची. एका साहेबानं एकदा तिला गिऱ्हाईक असल्याचं सोंग करून भाव काढायला सांगितलं, तेव्हा तिनं त्याला तोंडावर नाही म्हटलं होतं. आपण खोटं बोलत नाही, याचा तिला अभिमान होता.

त्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका मोठ्या कंपनीकडे तिचं लक्ष गेलं. वर्तमानपत्राचा कागद बनवणारी ही मिल अचानक पुठ्ठ्याच्या कामातली माणसं शोधू लागली होती. पुठ्ठा बनवायला लागणारी रद्दी साठवायला वाढीव जागा मिळावी म्हणून तिनं अर्जही केला होता. इर्यानं प्रदर्शनात एका ओळखीच्या विक्रेत्याला सहज विचारलं, तर एरवी बोलून बोलून कान किटवणारा तो गडी हसला आणि हवेबद्दल बोलायला लागला. इर्यानं ओळखलं. लोक बातम्या फोनवर वाचतात आणि सामान खोक्यातून मागवतात. म्हणून ही जर्मन कंपनी कागद सोडून पुठ्ठ्यात चालली होती.

तिनं अहवाल लिहिला. वर्तमानपत्राच्या कागदाचे दिवस भरले आहेत, असं त्याच्या पहिल्या भागात होतं. दुसऱ्या भागात तिनं सुचवलं होतं की आपल्या हौकिकोस्कीच्या मिलमधलं यंत्र जर्मनांच्या आधी पुठ्ठ्यासाठी बदलून घ्यावं, कारण बाजारात त्यांच्याखेरीज आणखी एकाचीच जागा आहे.

हौकिकोस्की तिचं माहेरचं गाव. धाकटा भाऊ रेयो तिथे त्याच यंत्रावर होता. पण भाऊ आहे म्हणून तिनं एक आकडासुद्धा वाकवला नव्हता.

वसंतात धोरण विभागाचा प्रमुख योरान एकेलुंड यानं तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"इर्या, तुझा पहिला भाग संचालकांना शंभर टक्के पटला. इतकं स्वच्छ कुणी मांडलंच नव्हतं."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याला पैसा लागतो गं. आणि आपला पैसा पोलंडमधल्या मिलला जायचाय."

"मग हौकिकोस्कीचं काय?"

"बंद. सप्टेंबरात जाहीर करू."

योराननं एक कागद पुढे सरकवला. कंपनी शेअर बाजारात होती. जाहीर होण्याआधी हे ज्यांना ठाऊक, त्यांनी सही करायची आणि तोंडाला कुलूप लावायचं. फुटलं तर सरळ तुरुंगाची वाट.

"तुझा भाऊ तिथे आहे, मला माहीत आहे," योरान म्हणाला. "म्हणूनच नीट सांगतोय."

तिनं सही केली.

भर उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला ती दरवर्षी रेयोकडे जायची. यंदा आजारपणाचं निमित्त सांगावं असं तिच्या मनात आलं, पण न जाणं म्हणजेही काहीतरी सांगणंच झालं असतं. ती गेली. भावजयीनं, पिर्कोनं, शेपू घालून नवे बटाटे उकडले होते, धुरावलेला मासा होता. सौनात वाफेची अंघोळ झाल्यावर दुपारी बहीणभाऊ तळ्यावरच्या लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसले.

"टुर्कूच्या गोदीत मला बोलावलंय," रेयो म्हणाला. "जहाजं बांधायला. सोमवारी हो-नाही कळवायचंय. पिर्को मागे लागलीय, जाऊ या म्हणून."

"टुर्कू छान आहे."

"अगं, मी काय सहलीला निघालोय? मी मिलचं विचारतोय. एकदा सोडली की परत कोण घेणार मला? तुम्ही तिकडे वर बसून सगळ्या जगाच्या खबरा ठेवता. आपल्या मिलचं काय म्हणतात?"

इर्या पाण्याकडे बघत राहिली. जा, एवढा एकच शब्द पुरला असता.

"कामाचं मी घरी बोलत नाही रेयो. तुला माहीत आहे."

तिचं हे उत्तर तो वीस वर्षं ऐकत आला होता. तो हसला. "म्हणजे काही नाही. काही असतं तर तुझं तोंड असं शांत राहिलं नसतं." मग घराकडे वळून त्यानं हाक दिली, "पिर्को, ऐकलंस का? मोठ्या बाई काळजीत दिसत नाहीत!"

सोमवारी त्यानं गोदीला नाही कळवलं.

सप्टेंबरात जाहीर झालं. हौकिकोस्कीच्या मिलच्या अंगणात माणसांना उभं करून योराननंच ते वाचून दाखवलं. रेयोनं त्याच दिवशी टुर्कूला फोन लावला, पण ती जागा भरली होती. मग इर्याचा फोन वाजला. पलीकडे पिर्को होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"वसंतापासून."

"म्हणजे युहान्नुसला माहीत होतं. आमच्यात बसून जेवलीस, आणि पोटात हे घेऊन?"

"पिर्को, कायद्यानं मला—"

"कायदा तुझ्यापाशी ठेव."

रेयोनं फोन घेतला. तो चिडला नव्हता. "तुला बोलता येत नव्हतं, ते समजतं मला. एकच सांग. तुरुंगाला भ्यालीस, की नोकरी जाईल म्हणून?"

इर्यानं खरं सांगायचं ठरवलं आणि खरं काय ते शोधू लागली. तिला सापडेना. शेवटी रेयोनं हळूच फोन ठेवला.

पुढच्या वर्षी जर्मनांनी पुठ्ठा सुरू केला. बाजारातली दुसरी जागा एका स्वीडिश कंपनीनं पटकावली. इर्याचं भाकीत शब्दन् शब्द खरं ठरलं. योरान याच निर्णयाची कीर्ती घेऊन मोठ्या कंपनीत गेला. हौकिकोस्कीचं यंत्र कोण घेईल याचा शोध घ्यायचं काम इर्याकडे आलं. आपल्याशी स्पर्धा नको म्हणून युरोपात कागद न बनवणारंच गिऱ्हाईक हवं, अशी कंपनीची अट होती. पहिल्या आठवड्यातच तिला कळून चुकलं की असं कुणी नाही. तरी तिनं तीन महिने शोधलं. शेवटी यंत्र भंगारात काढायचं ठरलं, आणि ते कापायच्या ठेक्यावर ठेकेदारानं गावातलीच माणसं घेतली. त्यांत रेयो होता. कुठला बोल्ट कुठे आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ते काम संपल्यावर पिर्को औलूला आपल्या बहिणीकडे निघून गेली. घराला गिऱ्हाईक मिळेना. त्या गावात घर घेणार तरी कोण!

इर्या अजूनही नोकरीत आहे. दुसरं काही तिला येत नाही. कंपनीच्या उरलेल्या मिलपैकी पुढची कुठली बंद पडणार, हेही तिला आताशा दिसायला लागलंय, आणि तिथल्या उपाहारगृहातली बाई तिला ओळखीनं जास्तीचा पाव वाढते.

ती हौकिकोस्कीला जाते. रेयो दार उघडतो, कॉफी ठेवतो, बरं बोलतो. यंदा बर्फ उशिरा वितळला, तळ्यात मासा कमी झाला, शेजारचा म्हातारा गेला, असं सगळं सांगतो. गेल्या खेपेला तिनं न राहवून म्हटलं, "रेयो, मला काहीतरी विचार ना रे."

"काय विचारू?" तो म्हणाला, आणि तिच्या कपात कॉफी ओतू लागला.